बाहेरच्या डिस्कला हात लावायचा नाही

मंगळवार, १५ ऑक्टोबर

पुसली! सगळी पुसली! चार मिनिटांत!

चाचणीचा सर्व्हर सुरू केला, उत्तरांची फाईल दिली आणि कोपऱ्यावर चवळीचे वडे आणायला गेलो. येऊन बघतो तर इन्स्टॉल झालेलं. एक प्रश्न न विचारता! फक्त नवं लिनक्स सर्व्हरच्या पोटातल्या डिस्कवर बसलंच नव्हतं. बसलं होतं बाजूला वायरीने लावलेल्या माझ्या काळ्या डिस्कवर. तिच्यावरचं सगळं झाडून टाकून, पाय पसरून.

अडीच वर्षांचं कॉलेजचं काम गेलं. जाऊ दे, कॉलेजच सोडलं तिथे काम कुठलं. पण तिच्यावर अरिनोलाचा आवाज होता, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आवाजघरात काम करते ती. नऊ सेकंद. ‘वाढदिवसाचा आशीर्वाद घे, धाकट्या, आणि एक वर्ष तरी कुणाशी भांडू नकोस.’ फोन चोरीला गेला त्यातून तेवढंच वाचलं होतं.

ओगा ओरडले नाहीत. ओगा लसिसी, माझे मालक. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. वडा चावत म्हणाले, ‘तुझी गेली हे उत्तम. आवाजघरातली गेली असती तर मी इबादान शहर सोडलं असतं आणि तू जग.’

बुधवार, १६ ऑक्टोबर

डोकं थंड झाल्यावर लिहितोय. म्हणजे थोडं थंड.

काम असं आहे. आवाजघरातले बारा जुने सर्व्हर एका दमात नवे करायचे. हाताने करत बसलं तर दोन दिवस. विजेचा भरवसा नाही, आणि जनरेटरला डिझेल मिळणार तीन तासांचं. म्हणून आपोआप इन्स्टॉल. सर्व्हर जे जे विचारेल त्याची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची – भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कुठली डिस्क पुसायची – आणि बटण दाबायचं. बारा जण एकदम कामाला लागतात.

त्यातल्या सात नंबरच्या सर्व्हरला मागून एक कपाट जोडलंय. डिस्कचं कपाट. चोवीस खण, तेवीस डिस्क. सगळ्यात वरचा खण मोडका, रिकामा. त्या तेवीस डिस्कांत अरिनोलाची चार वर्षं आहेत. रेडिओच्या जुन्या फितींवरून तिने एकेक आवाज उतरवून घेतला. ढोलवाले, शिकारी, बाजारातल्या बायकांची भांडणं, सासरी जाताना नवरीने रडत म्हणायची गाणी. फिती नंतर बुरशीने एकमेकींना चिकटल्या, फेकाव्या लागल्या. दुसरी प्रत नाही. दुसऱ्या प्रतीचा अर्ज तीन वर्षं कुणाच्या तरी टेबलावर झोपलाय.

कालची माझी फाईल तिथे चालवली असती तर!

ओगांना म्हटलं, सोपं आहे, त्या दिवशी कपाटाची केबलच काढून ठेवू. ओगा हसले. मागे तिथून डिस्क चोरीला गेल्या, तेव्हापासून केबलवर लाखेचं सील आहे. काढायचं तर रजिस्ट्रारसाहेबांची सही पाहिजे. साहेब चुलत्याच्या अंत्यविधीला गावी गेलेत.

‘कधी येणार?’

‘चुलता शंभरी भरून गेलाय, म्हणजे सोहळाच. महिनाभर तरी नाचतील.’

मग ठीक आहे. केबल राहील जागच्या जागी, आणि माझी फाईल कपाटाला शिवणार नाही. करून दाखवतो!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आई जेवणासाठी अमालाचं पीठ घोटत होती. तिला डिस्कची गोष्ट सांगितली. म्हटलं, ‘मी लिहिलं होतं, पहिली डिस्क घे. पहिली म्हणजे पोटातली, नाही का? तर हा सर्व्हर जी आधी दिसेल तिला पहिली म्हणतो! बाहेरची लवकर जागी झाली, झाली ती पहिली!’

आई हसायलाच लागली. हसता हसता गळा धरला. ‘जुळ्यांच्या घरात वाढलास आणि हे कळलं नाही? तायवो आधी बाहेर आली म्हणून ती थोरली झाली का रे?’

खरंच की! आमच्यात जुळ्यांतलं आधी येतं ते धाकटं. थोरलं आतच बसतं आणि त्याला पाठवतं – जा, जग कसं आहे ते बघून ये. ते रडून कळवतं, बरं आहे. मग थोरलं येतं, सावकाश. माझी बहीण तायवो आणि भाऊ केहिंदे, दोघंही आता लागोसला, पण घरात त्यांचं हे रोज ऐकत वाढलोय मी. आणि त्यांच्या पाठचा मी, इडोवू. जुळ्यांच्या पाठचा हट्टीच निघतो, डोक्यात वारं भरलेलं असतं – हेही रोज ऐकलंय.

तर आधी आला तो थोरला, हे धरून चालायचंच नाही. प्रत्येक डिस्कच्या अंगावर कारखान्यात छापलेला नंबर असतो. ती कधीही जागी होऊ दे, तो नंबर बदलत नाही. यापुढे त्या नंबरानेच बोलायचं.

आईच्या गळ्याचं ऑपरेशन अकरा नोव्हेंबरला ठरलं. गाठ काढायची. जुळ्यांच्या बारशाला गायला अख्खा मोहल्ला आईला बोलवायचा. वर्ष झालं, बंद आहे. डॉक्टर आवाजाबद्दल काही बोलले का, ते मी विचारत नाही. विचारायला गेलं की माझाच आवाज चढतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळीच आई ठेवणीतलं निळं नेसून, डोक्याला जरीचं फडकं ताठ बांधून तयार.

‘कुठे?’

‘चर्चला.’

‘शनिवारी?’

‘देव शनिवारी सुट्टीवर असतो का?’

मी तिच्या मागून पाणी आणायला गेलो, बादली भरून परततो तर गल्लीच्या तोंडाशी राखाडी गाडी. ग्बेंगाची! आवाजघरात ध्वनिमुद्रण करतो तो ग्बेंगा, जो रोज संध्याकाळी अरिनोलाला घरी सोडतो. आमच्या गल्लीत काय काम त्याचं? मला खिजवायला? बादली तिथेच आपटली. अर्धं पाणी पायावर.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आवाजघरात गेलो, डिस्कांचे नंबर उतरवायला. अरिनोला कपाटासमोर स्टुलावर बसून एकेक नंबर वाचत होती आणि मी लिहीत होतो. हेडफोन गळ्यात, पिवळं फडकं, बोटांना जुन्या फितींची तपकिरी भुकटी. असे तेवीसशे नंबर असते तरी चाललं असतं.

मी म्हटलं, ‘मला धाकट्या म्हणू नकोस. दोनच वर्षांनी मोठी आहेस तू.’

‘दोन पावसाळे जास्त पाहिलेत. पुढचा नंबर घे, धाकट्या.’

मग म्हणाली, ‘एखादा नंबर चुकला तर?’

‘नाही चुकणार.’

‘कॉलेज सोडलंस तेव्हाही म्हणालास, चुकणार नाही.’

हे लागलं. तिला काय माहीत? आठ महिने संप चालला, संपला, परत गेलो, आणि मास्तर भर वर्गात विचारतात, इतके दिवस कुणाच्या बकऱ्या राखल्यास? मी उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही. विभागप्रमुख म्हणाले, मास्तरांसमोर पालथा पडून माफी माग. सगळेच पडतात, थोरांपुढे लोटांगण घातल्याने कुणाची छाती झिजत नाही. मी नाही पडलो. बॅग उचलली आणि आलो.

तिला यातलं काहीच बोललो नाही. तेवीस नंबर दोनदा तपासले आणि निघालो.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

जमलं!

फाईलमध्ये लिहिलं: या तेवीस नंबरांना हात लावायचा नाही, उरलेल्यांत जी आधी दिसेल ती घे. चाचणीच्या सर्व्हरला तीन जुन्या डिस्क बाहेरून लावल्या, त्यांचे नंबर यादीत घातले आणि दहा वेळा इन्स्टॉल केलं. वायरी उलट्या लावल्या, सुलट्या लावल्या. बाहेरच्या आधी जाग्या केल्या, नंतर केल्या. दहाही वेळा लिनक्स पोटातल्या डिस्कवरच बसलं.

ओगांनी यादी पाहिली. चष्मा कपाळावर सारला.

‘एवढी लांब? जिच्यावर बसायचं तिचा एक नंबर लिही की.’

‘ओगा, बारा सर्व्हरच्या पोटात बारा निराळ्या डिस्क. बारा फायली कराव्या लागतील! कपाट एकच आहे, ते वगळलं की झालं.’

‘मग कर बारा. लग्नात कुणाला बोलवायचं याची यादी करतात बाळा. कुणाला बोलवायचं नाही याची करत बसलं, तर दारात कोण येऊन उभं राहील सांगता येतं का?’

‘कपाटात काय आहे ते मी स्वतः मोजलंय!’ जरा जोरातच म्हणालो. ओगांनी चष्मा खाली घेतला आणि कामाला लागले. त्यांचं वय झालंय. दहापैकी दहा, आणखी काय हवं?

शनिवार, २६ ऑक्टोबर

आई पुन्हा ‘चर्चला’. राखाडी गाडी पुन्हा. आता मी विचारतच नाही कुणाला काही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

अरिनोलाने मेसेजला उत्तर पाठवलं. ‘बरं.’ अकरा वेळा वाचलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

आज माझं डोकं फिरलं, ते लिहून टाकतो.

आवाजघरात नेटवर्कच्या वायरी तपासून निघालो तेवढ्यात अरिनोला व्हरांड्यातून धावत आली. ‘थांब, तुला कपाटाचं सांगायचंय. वरच्या खणात मी—’ आणि फाटकाशी हॉर्न. राखाडी गाडी!

म्हटलं, ‘जा, तुझी गाडी आली.’

‘अरे, ऐकून तरी घे.’

‘सगळं दिसतंय मला! आंधळा नाही मी!’

‘काय दिसतंय?’ ती खरोखर गोंधळून बघत होती. किंवा नाटक करत होती. मी चालू लागलो. मागून ग्बेंगाचा आवाज आला, ‘याला मधमाशी चावली का?’

टॅक्सीत मागच्या सीटवर चौघं दाबून बसलेलो, आणि मी काय बोलायला हवं होतं ते घरापर्यंत जुळवत राहिलो. सुंदर वाक्यं होती. आता एकही आठवत नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

परवा बटण दाबायचं. फाईल तयार, डिझेल आलं. तिच्याशी पाच दिवस बोललो नाही. परवा कपाट सहीसलामत तिच्या हवाली करायचं आणि त्याच जागी उभं राहून सांगून टाकायचं. दोन पावसाळे गेले खड्ड्यात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दहाला जनरेटर सुरू झाला. दहा वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं. बारा सर्व्हर एकदम घोंघावायला लागले. ओगा ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते, मी नखं खात होतो. अकराला एक मिनिट असताना बारावा सर्व्हर नवा होऊन उभा राहिला. ओगांनी मला उचललंच! साठीचा माणूस!

मग सात नंबरवर बसलो, कपाट मोजायला. तेवीस दिसायला हव्यात.

शून्य.

पुन्हा पाहिलं. शून्य. एकही डिस्क नाही. कानांत नुसता जनरेटर.

धावत कपाटाच्या मागे गेलो. अरिनोला जमिनीवर बसली होती. केबलचं टोक तिच्या मुठीत. फरशीवर लाखेचे लाल तुकडे.

‘तू यायच्या आधीच मी काढली,’ म्हणाली. ‘डिस्क सगळ्या ठीक आहेत.’

‘सील मोडलंस? साहेब तुला काढून टाकतील!’

‘टाकू देत.’

‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही!’

‘तुझ्यावर आहे रे. तुझ्या घाईवर नाही. गेल्या शुक्रवारी ऐकून घेतलं असतंस तर—’

मी पुढचं ऐकलं नाही. महिनाभराची मेहनत, आणि ती खरी ठरवायची संधीच हिने हिसकावून घेतली! जे सांगायचं ठरवलं होतं ते राहिलं. जे सांगायला नको होतं ते ग्बेंगाचं नाव घेऊन ओरडून सांगितलं. तिथून निघालो.

उद्या परत जाणार. केबल लावणार. माझी फाईल कपाटाला शिवत नाही हे तिला कागदावर छापून दाखवणार!

शनिवार, ९ नोव्हेंबर

क्रमाने लिहितो.

सकाळी ओगांना ओढतच आवाजघरात नेलं. अरिनोला आणि ग्बेंगा दोघंही होते. मी केबल लावली, सात नंबर सुरू केला आणि फाईल नुसती वाचायला लावली – पुसू नकोस, फक्त काय पुसणार होतास ते सांग.

पडद्यावर एक ओळ आली. पुसायची डिस्क: एक नंबर. माझ्या यादीत नसलेला. पोटातल्या डिस्कचाही नव्हे.

‘हा कुठला?’ मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं.

अरिनोला म्हणाली, ‘वरच्या खणातला. तू नंबर उतरवून नेलेस त्यानंतर ग्बेंगाने खण दुरुस्त केला. नवी डिस्क घातली. तेच सांगत होते तुला.’

चोविसावी. सगळ्यात वरची, म्हणून सगळ्यात आधी जागी होणारी. माझी फाईल तेवीस जणांना ओलांडून सरळ तिच्यावर जाऊन बसली असती. चार मिनिटांत.

ओगांनी चष्मा पुसला.

‘काय आहे तिच्यावर?’

तिने गळ्यातले हेडफोन काढून माझ्या कानांना लावले.

आई! आईचा आवाज. जुळ्यांची गाणी, बारशाची, सगळी – जुळी म्हणजे माकडांचे वंशज, उंच झाडावर खेळणारे, चवळी शिजवा पोरांसाठी – तोच खरखरीत खालचा सूर, मध्येच थांबून घोटभर पाणी, पुन्हा सुरू. तीन शनिवार. आणि शेवटी, जुळ्यांचं संपल्यावर, एक माझं. पाठच्याचं. हट्टी इडोवूचं, जो आला तेव्हा घरात आधीच दोघं होते आणि तरी ज्याने जागा करून घेतली. ते तिने माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं.

ग्बेंगा म्हणाला, ‘गाडी तुझ्या आईला आणायला येत होती, राजा. माझी बायको रोज विचारते, कोण हा पोरगा जो माझ्याकडे असा बघतो.’

‘मला का नाही सांगितलं?’

अरिनोला म्हणाली, ‘तिनेच नको म्हटलं. ऑपरेशन झाल्यावर सांगा, म्हणाली. त्याला रडू आलं की तो भांडतो.’

मास्तरांसमोर पडलो नव्हतो. कुणासमोर नाही. पण काल जे बोललो ते परत घ्यायला दुसरी रीत मला ठाऊक नाही. अरिनोलाच्या पायांसमोर पालथा पडलो, पूर्ण लांब, कपाळ फरशीला लावून. लाखेचा एक तुकडा गालाला टोचला.

‘ऊठ,’ ती म्हणाली. ‘इडोवू, ऊठ. फरशी गार आहे.’

रविवार, १० नोव्हेंबर

पुढच्या वेळेसाठी बारा फायली लिहिल्या. प्रत्येकीत एकच नंबर: फक्त या डिस्कवर. बाकी जगात जे काही असेल, आज असेल, उद्या कुणी आणून लावेल, त्याला हात लावायचा नाही. ओगांना दाखवल्या. ‘आता लग्न लागेल,’ म्हणाले.

सील मी मोडलं असं साहेबांना सांगणार होतो. अरिनोला म्हणते, तुला खोटं बोलता येत नाही, कान हलतात. मग ठरलं – ते आले की दोघांनी मिळून जायचं. दोघांनी, असं ती म्हणाली.

आणि दुसरी प्रत! अर्ज गेला उडत. माझी काळी डिस्क रिकामीच आहे. वरच्या खणातलं सगळं तिच्यावर उतरवलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आईला सात वाजता आत नेलं. दारातून वळून म्हणाली, ‘उपाशी बसू नकोस. वडे खाऊन घे.’

बुधवार, १३ नोव्हेंबर

गाठ निघाली, आई वाचली. आवाज परत येणार नाही, डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. अरिनोला हेडफोन घेऊन आली होती. आईच्या कानांना लावले. आई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग खुणेने पाटी मागितली. लिहिलं, ‘इडोवूच्या गाण्यात तिसऱ्या ओळीला श्वास चुकला. पुन्हा म्हणते.’ पाटीकडे थोडा वेळ बघत राहिली. मग शेवटचे दोन शब्द तळहाताने पुसले.